साठा पुरेसा आहे

प्रिय धाकट्या,

तुझे फोन मी उचलत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आलं नसेल तर सांगते, मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू 'हॅलो ताई' म्हणालास की माझा निम्मा राग तिथेच विरघळतो, आणि मग तू तुझ्या कचेरीतल्या आवाजात 'हे बघ, याला बरेच पैलू आहेत' म्हणायला लागलास की उरलेला निम्मा दुपटीने वर येतो. मला दोन्ही नको आहे. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. तुला मधे बोलू न देण्याची माझी लहानपणापासूनची हौस अशी उतारवयात फिटते आहे म्हण.

आधी घरच्या बातम्या. आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण तुझ्या बढतीची बातमी कोणाला सांगायची असली की जिना सहज उतरते. शेजारच्या शिक्षिकाबाईंना सांगून झालं, खालच्या शिंप्याला सांगून झालं, आणि परवा विजेचा मीटर वाचायला आलेल्या माणसालाही तिने दारात उभं करून सांगितलं, की माझा धाकटा चार देशांची सरकारं आणि सगळ्या मोठमोठ्या कंपन्या एका टेबलाशी आणून बसवतो. त्या भल्या माणसाने विचारलं, टेबल केवढं असेल हो? आईला ते काही सांगता आलं नाही, म्हणून संध्याकाळी तिने मला विचारलं. मी म्हटलं, फार मोठं, इतकं मोठं की या टोकाला बसलेल्याला पलीकडच्या टोकाचं माणूस दिसत नाही. तिला तो तुझा गौरवच वाटला. असू दे.

अभिनंदन मीही करते. संयुक्त खनिज कार्यालयाचा प्रमुख म्हणजे काही लहान गोष्ट नाही, आणि तू त्या जागेला लायकच आहेस. नियम करण्यात तू पहिल्यापासून पटाईत. आपल्या दोघांत एकच सायकल होती आणि गल्लीतली सगळी पोरं तिच्यावर टपलेली असायची, तेव्हा तू नियम केला होतास, की जो हवा भरेल तो आधी चालवेल. सगळ्यांना तो फारच पटला. मग एका दुपारी सगळ्यांनी पाळीपाळीने हवा भरली आणि ट्यूब फुटली. तू रडला नाहीस. नियम बरोबरच होता, पोरं जास्त झाली, असं म्हणालास. बाबा त्यावर जेवता जेवता हसत सुटले होते. मीही हसले होते.

गोदाम आपल्या गावात आलं तेव्हा मी तुझ्यावर खूश होते, खोटं कशाला सांगू. एका लांबच्या देशाच्या मनात आलं की त्याने खनिज पाठवणं थांबवावं आणि बाकीच्यांनी हात चोळत बसावं, हे किती दिवस चालायचं? म्हणून चार सरकारांनी आणि कंपन्यांनी मिळून चुंबकांना लागणाऱ्या धातूचा साठा करायचा, सवडीने भरायचा, अडचणीत वापरायचा. तू आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या, साखरेच्या, डाळीच्या बरण्या मांडून मला ते समजावलं होतंस. मला पटलं होतं, आणि आजही त्या बरण्यांपर्यंतचं सगळं पटतं. साबणाच्या बंद कारखान्याची शेड तुमच्या समितीला पसंत पडली. मी तेव्हा चुंबकाच्या कारखान्यात भांडार सांभाळत होते, तुझे भाऊजी तिथेच भट्टीखातं बघायचे. परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि गोदामप्रमुख झाले. कोणी वशिला म्हणू नये म्हणून तू तेव्हा कित्येक दिवस मला साधा फोनसुद्धा केला नाहीस. केवढा अभिमान वाटला होता मला तुझा.

उद्घाटनाला चार झेंडे लावले होते, त्यातला एक उलटा लागला होता आणि तो कोणाच्या तरी लक्षात आल्यावर साहेब लोकांची जी पळापळ झाली ती आम्ही पुढे बरेच दिवस एकमेकांना करून दाखवत होतो. पण तू बोललास छान. हा साठा म्हणजे आपल्या सगळ्यांची उद्याची शिदोरी आहे, असं तू म्हणालास तेव्हा तुझ्या भाऊजींनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. सगळं भट्टीखातं त्यांनी पहिल्या पाळीनंतर अंघोळीला घरीसुद्धा जाऊ न देता ओढून आणलं होतं. तुझ्याकडे बोट दाखवून ते प्रत्येकाला सांगत होते, हा आमचा.

'हा आमचा' म्हणायचा त्यांना हक्क होता, हे तुला आठवत असेलच. परीक्षेच्या वर्षी तू आमच्याकडे राहत होतास आणि रोज दुपारी डोकं पिकलं की कारखान्यात जाऊन त्यांच्या भट्टीशी बसायचास. धातू वितळवायचा, त्याची पिठासारखी पूड करायची, ती साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची आणि मग त्या वड्यांमध्ये चुंबकाचं बळ भरायचं, हे सगळं तू तिथे बसून पाहिलंस. या चुंबकांवर पाण्याचे पंप चालतात, लिफ्ट चालते, कानातलं एवढंसं यंत्र चालतं, हे तुला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. मुलाखतीत तुला खनिजांवर प्रश्न विचारला तेव्हा तू आमच्या भट्टीचं उदाहरण दिलंस आणि निवड झाल्यावर पेढ्यांऐवजी त्यांना घड्याळ आणलंस. ते त्यांनी आठवडाभर हातात घातलं आणि बंद पाडलं. चुंबकांच्या माणसाला मनगटी घड्याळ टिकत नाही, हे तुला एवढा अभ्यास करून कळलं नव्हतं. आमच्या फ्रिजवर टाकाऊ चुंबक लावून त्यांनी माझे जे हाल केले आहेत ते तर तू बघितले आहेसच. एकदा चिकटवलेला कागद परत निघत नाही. गॅसवाल्याचा नंबर बदलून किती वर्षं झाली, जुना अजून तिथेच आहे.

माझं कामही तू बघून गेला आहेस, पण ते पाहुण्यांच्या बाजूने. माझ्या बाजूने ते असं आहे. शेडमध्ये पिंपांच्या रांगा आहेत. पिंपात धातूचे तुकडे, त्यांना हवा लागू नये म्हणून वर भरलेला वायू, झाकणाखाली रबरी कडं, आणि झाकणावर पाच सिलं, चार सरकारांची चार आणि कंपन्यांच्या संघाचं एक. हवा आत शिरली तर धातू काळा पडतो आणि मग त्याचा भुगा होतो, म्हणून ओलावा शोषणारी यंत्रं दिवसभर घुमत असतात. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली आहे की सुट्टीच्या दिवशी घरात कान दुखतात. मी रांगांमधून हिंडते, सिलं हाताने चाचपते, ओलाव्याचा काटा बघते आणि दर आठवड्याला साठ्याचा आकडा तुमच्या कार्यालयाला कळवते. भरायचं ते भरून झालेलं आणि काढायचं कोणी काढलेलं नाही, त्यामुळे तो आकडा कधी बदलत नाही. तरी मी तो दर वेळी नव्याने तपासून, मन लावून पाठवत असे.

मग त्या लांबच्या देशाने खरोखरच माल थांबवला. ज्या दिवसासाठी एवढा खटाटोप केला तो दिवस आला. चुंबकाच्या कारखान्यात कोणी घाबरलं नाही, उलट चेष्टा सुरू झाली. भट्टीवरची माणसं मला रस्त्यात थांबवून म्हणायची, ताई, किल्ली जपा हो. दोन गल्ल्या सोडून डोंगराएवढा माल पडलेला आहे, मग घाबरायचं कशाला? तुझे भाऊजी म्हणत होते, लॉरीसुद्धा नको, हातगाडीवरून आणू. कारखान्याच्या मालकीणबाईंनी तुमच्या कार्यालयाकडे रीतसर अर्ज केला. त्या सगळं रीतसर करतात, त्यांच्या वडिलांपासून त्या कारखान्याला तशी शिस्त आहे. उत्तर आलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला. साठा पुरेसा आहे, टंचाई नाही, सबब माल देता येत नाही.

मला वाटलं, कोणा कारकुनाने भलत्याच अर्जाचं उत्तर आम्हाला पाठवलं. कारखान्यात तेव्हा उरलेला माल एका कोपऱ्यात मावत होता. मग मी कराराचं परिशिष्ट काढून वाचायला बसले. तुमची भाषा म्हणजे काय, एक वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होतं. पण शेवटी उलगडलं. टंचाई आहे की नाही हे उपलब्ध असलेल्या एकूण मालावरून ठरवायचं, आणि त्या एकूण मालात खाणींमधला माल धरायचा, व्यापाऱ्यांकडचा धरायचा, आणि संयुक्त साठ्यातलाही धरायचा. म्हणजे माझी पिंपं. पिंपं भरलेली आहेत तोवर टंचाई नाही, आणि टंचाई नाही तोवर पिंपं उघडायची नाहीत. गोदाम उघडायचं असेल तर ते आधी रिकामं असायला हवं. धाकट्या, मी खुर्चीत बसून एकटीच हसले. आणि दर आठवड्याला तो भरभक्कम आकडा कळवणारी बाई मीच, हे लक्षात आल्यावर हसायची थांबले.

मी लगेच तुला फोन केला, आठवतं? केवढ्या उत्साहाने केला होता. एखाद्याच्या शर्टाचं बटण भलत्याच काजात गेलेलं दिसावं आणि आपण हळूच त्याला सांगावं, तसं मला वाटत होतं. मी म्हटलं, तुमच्या परिशिष्टात एक गंमत झाली आहे, कोणाच्या नजरेस यायच्या आत दुरुस्त करून टाक. तू म्हणालास, बघतो. ते 'बघतो' घेऊन मी मालकीणबाईंकडे गेले, भट्टीखात्यात गेले, साच्यांवरच्या बायकांकडे गेले, आणि माझा भाऊ बघतो आहे, असं सगळ्यांना सांगत फिरले. मीटरवाल्याला तेवढं सांगायचं राहिलं.

तू बघत होतास तोवर इथे एकेक भट्टी विझत गेली. पहिली बंद झाली तेव्हा तुझे भाऊजी म्हणाले, बरं झालं, दुरुस्तीला सवड मिळाली. दुसरी बंद झाली तेव्हा त्यांनी माणसांना हाताशी घेऊन खात्याच्या भिंती रंगवून घेतल्या, रिकामी बसली की माणसं घाबरतात म्हणून. शेवटची बंद झाली तेव्हा त्यांनी रंगाचे ब्रश धुऊन ठेवले. मधे मालकीणबाईंनी जुन्या चुंबकांचं भंगार विकत घेऊन वितळवून पाहिलं, पण निघालेला माल ठिसूळ, गिऱ्हाइकाने परत पाठवला. साच्यांवरच्या बायका सगळ्यात आधी घरी बसल्या. माणसं पांगली, कोणी दुसऱ्या गावी गेलं, कोणी मेहुण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसलं. तुझे भाऊजी मात्र रोज नेहमीच्या वेळी डबा घेऊन जायचे, थंड पडलेल्या भट्ट्यांच्या पंपांना तेल द्यायचे, डबा खायचे आणि परत यायचे. मी विचारलं तर म्हणायचे, तुझ्या भावाने परिशिष्टातली ती ओळ बदलून घेतली आणि माल आला, तर यंत्रं तयार नकोत का?

आणि मग तू आलास, पाहणी पथक घेऊन. परदेशी अधिकारी, कंपन्यांची माणसं, सगळ्यांना मी रांगांमधून फिरवलं. एका पाहुण्याने पिंपावर टिचकी मारली आणि दुभाष्याकरवी मला विचारलं, भरलेलं आहे ना? मी म्हटलं, काठोकाठ. सगळे समाधानाने हसले, तूही हसलास. संध्याकाळी तू घरी जेवायला आलास. आईने सकाळपासून ओट्याशी उभं राहून तुझ्या आवडीचं सगळं केलं होतं. जेवण अर्ध्यावर आल्यावर तुझ्या भाऊजींनी विषय काढला. रागाने नाही. त्यांना रागावता येत नाही, ही त्यांची जुनी खोड आहे. त्यांना एवढंच समजून घ्यायचं होतं, की इतकी साधी चूक तुम्हा कोणाच्याच नजरेतून सुटली तरी कशी. तू घास ताटात परत ठेवलास.

"ती चूक नाही, भाऊजी," तू म्हणालास. "त्या एका ओळीवरच तर सगळ्यांच्या सह्या झाल्या."

मग तू नीट समजावलंस, बरण्या मांडून समजावलं होतंस तसंच. कंपन्यांना साठा हवा होता, पण तो एकदम बाजारात येऊन भाव कोसळायला नको होते. सरकारांना साठा हवा होता, आपापल्या लोकांना दाखवायला, पण अडचणीत तो आधी कोणी न्यायचा आणि किती, यावर त्यांचं काही केल्या जमेना. बैठकांवर बैठका झाल्या, माणसं उठून गेली, समजूत काढून परत आणावी लागली. अखेर तू ती ओळ सुचवलीस. कोणालाच काही मिळणार नाही म्हटल्यावर कोणाचीच हरकत उरली नाही. हे सांगताना तुझ्या चेहऱ्यावर जरासं कौतुक होतं, स्वतःचंच, ते तुला लपवता आलं नाही. तुझ्या भाऊजींनी भाजीचं भांडं तुझ्याकडे सरकवलं.

"जेव," म्हणाले.

आईला यातलं काही कळलं नव्हतं, तिने तुला आणखी वाढलं, आणि तू जेवलास. मला खरं सांगू? तू ती ओळ सुचवलीस याच्यापेक्षा तू त्यानंतर पोटभर जेवलास, याचा मला जास्त राग आला. अजून येतो.

तुझी बाजू मला कळतच नाही असं समजू नकोस. तुला वाटलं असेल, आधी करार तर पदरात पडू दे, ओळ काय, पुढे बदलता येईल. पण ती बदलायला चारही सरकारांची आणि संघाची संमती लागते, आणि ती बदलावी असं ज्याला वाटतं तो एकही माणूस त्या टेबलाशी बसलेला नाही. मोठ्या कंपन्यांचे खाणवाल्यांशी आधीच करार आहेत, त्यांचं अडत नाही. अडलं ते आमच्यासारख्या लहान कारखान्यांचं, आणि त्यांना तुम्ही खुर्चीच ठेवली नव्हती. सगळे मिळून काम करताहेत, सहकार्य करताहेत, असं तू भाषणात म्हणतोस ते अगदी खरं आहे. कोणाला काही द्यायचं नाही, यावर एवढ्या लोकांचं एकमत मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. शिदोरी म्हणाला होतास तू. शिदोरी वाटेत सोडून खातात रे. जी सोडायचीच नाही तिला तू शिदोरी कसा म्हणालास?

तू गेलास आणि थोड्याच दिवसांत कारखान्याला कुलूप लागलं. मालकीणबाईंनी प्रत्येकाच्या घरी स्वतः जाऊन ते सांगितलं, त्याबद्दल मी त्यांना मानते. दाबयंत्रं एका व्यापाऱ्याने नेली, साचे भंगारात गेले, भट्ट्या उचलायला महाग म्हणून तशाच पडून आहेत. त्यानंतर तुमच्या कार्यालयाचं पत्रक माझ्या टेबलावर आलं. मागणीत घट झाल्यामुळे साठ्याची स्थिती पूर्वीपेक्षा अधिक समाधानकारक आहे, असं त्यात छापलं होतं. ती घट म्हणजे आम्ही, धाकट्या. तुझे भाऊजी, साच्यांवरच्या बायका, मेहुण्याच्या गल्ल्यावर बसलेला तो माणूस, आम्ही सगळे मिळून ती घट झालो. आणखी काही कारखाने असेच बंद पडले तर एकही पिंप न वाढवता तुमचा साठा तुडुंब होईल. हेही कोणाला तरी सुचलेलंच असेल.

एकदा मी पक्कड घेऊन पिंपासमोर उभी राहिले होते, हेही तुला सांगून टाकते. कार्यालयाचा प्रमुख म्हणून ऐकू नकोस, भाऊ म्हणून ऐक. सील तोडायला काही जोर लागत नाही, ते माणसाला अडवायला नसतंच, नुसतं कळावं म्हणून असतं. पण तोडून माल नेणार कुठे? मालकीणबाईंच्या दारात नेऊन ठेवला असता तर त्यांनी मला चहा पाजून, हाताला धरून पोलिसांकडे नेलं असतं, रीतसर. शिवाय घर आता माझ्याच नोकरीवर चालतं. मी पक्कड पेटीत ठेवली, काट्यावरचा ओलावा लिहून घेतला आणि घरी येऊन भाजी चिरली. तो शहाणपणा होता की भित्रेपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आता त्याने काही बिघडतही नाही.

तुझ्या भाऊजींनी कामं शोधली नाहीत असं नाही. सगळीकडे आधी वय विचारतात आणि मग फार आपुलकीने वागतात. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, भट्टीशिवाय काय येतं? ते म्हणाले, काही नाही. घरी येऊन हे सांगताना त्यांना वाटत होतं की मी रागावेन, दोन गोष्टी ठोकून द्यायला काय झालं होतं म्हणून. मी रागावले नाही. दिवसभर ते घरात असतात. आईची औषधं वेळेवर देतात, बिजागऱ्यांना तेल देतात. घरातलं एकही दार आता वाजत नाही, कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं ते समजत नाही. आईपुढे त्यांनी तुझ्याविषयी आजवर एक वाकडा शब्द काढलेला नाही. मी बोलायला लागले तर उठून गच्चीत जातात. माझी फार इच्छा आहे की त्यांनी एकदा तरी आरडाओरडा करावा, तुझ्या नावाने शिव्या द्याव्यात, निदान एखादं ताट आपटावं. मला ते सोसलं असतं. हे मऊ बोलणं मला सोसत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुमच्या पाहणी पथकाने गोदामाला आणखी एक पहारेकरी नेमायला सांगितलं, तशी आम्ही जाहिरात दिली, आणि सोमवारच्या टपालात आलेल्या अर्जांत एक अर्ज तुझ्या भाऊजींचा निघाला. घरी मला एका शब्दाने बोलले नव्हते. शेजारी झोपणाऱ्या बायकोच्या कचेरीत त्यांनी पोस्टाने अर्ज पाठवला, वशिला नको म्हणून. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, शेड जवळ पडते, दुपारी आईला औषध द्यायला येता येईल. मी म्हटलं, ती पिंपं तुम्हाला रोज बघवतील का? तर म्हणाले, कोणीतरी बघणारच ना. गोदामप्रमुखाच्या नातलगाला घ्यायचं तर संयुक्त कार्यालयाच्या प्रमुखाची लेखी संमती लागते, आणि आता तो प्रमुख तू आहेस, म्हणजे दोन्हीकडून नातलग. त्यातून वाट कशी काढायची ते तुझं तू बघ, तुला अशा वाटा सुचतात. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे मागते आहे. तुझ्या भाऊजींनी मला पत्र गोडीत लिहायला सांगितलं होतं; जमलं तेवढं गोड लिहिलं आहे. अर्ज सोबत जोडला आहे. त्यात अनुभवाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं आहे, 'या मालाशी जुनी ओळख आहे.' मी ते खोडायला सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. सही करून लवकर पाठव, आणि सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही लिहू नकोस.

तुझीच,
ताई